दाराबाहेरची सही

अँजिओग्राफी चालू असताना कॅथलॅबचं दार अर्धवट उघडतं आणि पेशंटच्या नावाने हाक येते. बाकावरून मुलगा किंवा मुलगी उठून आत जाते. काचेपलीकडे आई टेबलावर झोपलेली असते आणि अलीकडच्या पडद्यावर तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या दिसत असतात. डॉक्टर बोट ठेवून दाखवतात, इथे नव्वद टक्के, इथे सत्तर. मग विचारतात, आत्ताच स्टेंट टाकून घ्यायचा का? पुन्हा आणायला नको, पुन्हा टोचायला नको, एका वेळेत काम होईल. हातात पाच-दहा मिनिटं असतात. काकांना फोन जातो, थोरल्या जावयांना जातो, ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरांना जातो, न्यू जर्सीत झोपलेल्या भावाला उठवलं जातं, आणि कागदावर सही होते. जिच्या हृदयात ती बारीक जाळी कायमची बसणार आहे ती बाई एवढा सगळा वेळ काही फुटांवर शुद्धीत पडलेली असते. तिला सोडून सगळ्यांना विचारून झालेलं असतं. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलं आहे की यालाच आपण आईवडिलांची काळजी घेणं म्हणतो. त्या काळजीतल्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या वतीने ठरवून टाकणं म्हणजे त्यांना आधार देणं, ही समजूत मला चुकीची वाटते. आधार द्यायचा तर निर्णय त्यांच्या हातात राहील अशी तजवीज मुलांनी करायला हवी, आणि ती दाराबाहेरच्या त्या दहा मिनिटांत होत नाही, ती आधी करावी लागते.

या उपचारात पेशंट जागा असतो, हे पुष्कळ घरांत शेवटपर्यंत लक्षातच येत नाही. बायपासला पूर्ण भूल लागते. छाती उघडतात, चार-पाच तास लागतात, नंतरही काही तास श्वास यंत्रावर असतो. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टीचं तसं नाही. मनगटाची किंवा जांघेची जागा बधिर करून तिथल्या रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, डाय सोडला की अंगात गरम लाट आल्यासारखं वाटतं, मधूनच सांगतात, आजोबा, श्वास धरा. या विद्येची सुरुवातच जाग्या माणसांवर झाली आहे. १९२९ साली वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि ती तशीच ठेवून तो एक्स-रे काढायला चालत गेला. आंद्रेआस ग्रुन्ट्झिगने १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हा त्याचा अडतीस वर्षांचा पेशंटही शुद्धीत होता. म्हणजे 'आत्ता त्यांना काही कळू द्यायचं नाही' असं बाहेर ठरतं तेव्हा आतल्या माणसाच्या कानावर बहुतेक सगळं आलेलं असतं. टक्के कानावर आलेले असतात, नातेवाईकांना बोलवा हेही आलेलं असतं. त्याला फक्त कुणी सामोरं येऊन सांगितलेलं नसतं, आणि अर्धवट ऐकलेल्या गोष्टीची भीती पूर्ण सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोठी असते.

पण खरा मुद्दा वेळेचा आहे. दाराबाहेरची सगळी घाई एका गृहीतावर उभी असते, की आत्ता ठरवलं नाही तर काहीतरी भयंकर होईल. हृदयविकाराचा झटका आलेला असेल, धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल, तर हे शंभर टक्के खरं आहे. तिथे हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. पेशंट दारात आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत धमनी उघडावी हे जगभर मानलेलं उद्दिष्ट आहे. त्या वेळी कुणी चर्चा करत बसू नये, सही करून मोकळं व्हावं. मात्र अँजिओग्राफीच्या टेबलावर येणारा प्रत्येक जण झटका येऊन आलेला नसतो. जिना चढताना छाती भरून येते, चालताना दम लागतो, स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून ठरवून तारीख घेऊन आलेले पुष्कळ असतात. अशा स्थिर रुग्णांवर मोठे अभ्यास झालेले आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत २,२८७ रुग्ण होते. निम्म्यांना उत्तम औषधोपचार, निम्म्यांना त्यासोबत अँजिओप्लास्टी. काही वर्षांनंतर पाहिलं तर मृत्यू आणि झटके यांत फरक पडला नव्हता. २०२० मध्ये आलेल्या 'इस्केमिया' चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, आणि तपासण्यांत ज्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा बराच कमी पडतो असं दिसलं होतं, असे निवडलेले होते. तिथेही आधी औषधं देऊन पाहणाऱ्यांचं आयुष्य उणं झालं नाही. स्टेंटचा किंवा बायपासचा फायदा दिसला तो त्रास कमी होण्यात, आणि ज्यांना मुळात जास्त त्रास होता त्यांना तो जास्त दिसला.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून माझा सगळा युक्तिवाद निघतो. स्थिर दुखण्यात स्टेंट मुख्यतः त्रास घालवण्यासाठी असेल, तर तो घालायचा की नाही हे ठरवायला लागणारा सगळ्यात मोठा पुरावा पडद्यावर नसतो. तो आईकडे असतो. देवळापर्यंत जाताना ती कितीदा थांबते, आठवड्यात किती वेळा जिभेखाली गोळी ठेवावी लागते, रात्री उठून बसते का, ती मजल्यांचे जिने टाळते की त्रास होत असूनही चढते आणि कुणाला सांगत नाही, हे तिलाच माहीत. पडद्यावरचा नव्वदचा आकडा बहुतेकदा नजरेने काढलेला अंदाज असतो. त्या अडथळ्यामुळे रक्ताचा दाब किती पडतो हे वेगळी तार घालून मोजता येतं, आणि असं मोजून ठरवलं तर कमी स्टेंट लागतात व रुग्णांचं बरं चालतं, हे २००९ च्या 'फेम' चाचणीत दिसलं. २०१७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 'ऑर्बिटा' नावाची धाडसी चाचणी केली. दोनशे रुग्णांपैकी काहींना स्टेंट घातला, बाकीच्यांची नुसती तशी प्रक्रिया केली, आणि कुणाला काय झालं ते कळू नये म्हणून गुंगीचं औषध देऊन कानांना हेडफोन लावले. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या व्यायामक्षमतेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०२३ च्या पुढच्या चाचणीत छातीदुखीच्या गोळ्या बंद करून पाहिलं तेव्हा मात्र स्टेंटने त्रास स्पष्ट कमी झाला. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. गोळ्या घेत राहायचं की जाळी बसवायची, यात पेशंटच्या पसंतीला जागा आहे, एवढंच त्यातून कळतं. मधुमेह असेल आणि दोन-तीन धमन्यांत अडथळे असतील तर प्रश्न आणखी मोठा होतो. २०१२ च्या 'फ्रीडम' चाचणीत अशा १,९०० रुग्णांत बायपास केलेल्यांचे मृत्यू आणि झटके कमी होते, पक्षाघात मात्र थोडे जास्त होते. एका बाजूला छाती उघडण्याचं भय आणि महिनाभराचं अंथरूण, दुसऱ्या बाजूला पुढची वर्षं. हे माप ज्याच्या आयुष्याचं आहे त्याला न विचारता दारात कसं घालायचं?

कायदा याबाबतीत आपल्या रीतीपेक्षा बराच पुढे आहे. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईंच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांनी निदानासाठी लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय काढून टाकलं गेलं. न्यायालयाने म्हटलं की सज्ञान, निर्णयक्षम व्यक्तीच्या वतीने आईने दिलेली संमती ही संमतीच नाही. शिवाय तपासणीसाठी दिलेली परवानगी उपचारासाठी चालत नाही. अपवाद एकच, जीव वाचवायचा आहे आणि थांबणं धोक्याचं आहे. अँजिओग्राफीसाठी गेलेल्या माणसाची अँजिओप्लास्टी मुलाच्या सहीवर करणं या निकालाच्या किती जवळ जातं, हे सांगायला वकील लागत नाही. तरी डॉक्टर नातेवाईकांची सही मागतात. त्यामागे भीती आहे, आणि ती खोटी नाही. काही बरंवाईट झालं तर जाब विचारणारे आणि कधी तोडफोड करणारे बाहेरचेच असतात. अशा हिंसेविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणून मी डॉक्टरांना दोष देत नाही. मुलांनीच आधी सांगितलं की आईशी बोला, आम्ही सोबत बसतो, तर डॉक्टरांचंही काम हलकं होतं.

आता आक्षेप. पहिला सगळ्यांच्या तोंडी असतो: सांगितलं तर घाबरतील, बीपी वाढेल, हृदय आधीच नाजूक. या भीतीला उत्तर देणारा एक जुना अभ्यास आहे. १९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांना भूलतज्ज्ञाने नीट बसून सांगितलं, उठल्यावर कुठे दुखेल, किती दुखेल, कूस कशी बदलायची. बाकीच्यांना हे सांगितलं नाही. ९७ रुग्णांचा हा अभ्यास. ज्यांना सांगितलं होतं त्यांना वेदनाशामक जवळपास निम्मंच लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. शस्त्रक्रिया हृदयाची नव्हती, हे मान्य. पण दुखेल हे सांगून माणूस खचत नाही, उलट त्याला दुखण्याची तयारी करता येते, हे तिथे मोजून दिसलं आहे. सगळ्यांना सगळं सांगावं असा माझा हट्टही नाही. काही माणसांना खरोखर जाणून घ्यायचं नसतं. अशा वडिलांनी "मला काही सांगू नका, तुम्ही ठरवा" म्हटलं तर तो त्यांचा निर्णय आहे आणि तो मानावा. फक्त ते त्यांनी म्हटलेलं असावं, आपण धरून चाललेलं नसावं.

दुसरा आक्षेप असा की हा एकेकट्या माणसाचा विचार आहे, आपल्याकडे घर मिळून ठरवतं. मला हा आक्षेप आपल्याच घरांवर अन्याय करणारा वाटतो. आपल्याकडे जमिनीची वाटणी असो, लग्न असो, घर विकणं असो, वडील हयात असताना त्यांना वगळून होत नाही. सातबाऱ्यावर त्यांचं नाव असतं आणि त्यांच्या सहीशिवाय तलाठ्याकडे पान हलत नाही. गुंठाभर जमिनीसाठी ज्यांचा शब्द लागतो, त्यांना स्वतःच्या हृदयाबद्दल बोलायला आपण बंदी करतो, ती केवळ त्यांच्या अंगावर हॉस्पिटलचा गाऊन चढला म्हणून. घर मिळून ठरवतं, तर त्या घरात तेही बसलेले हवेत. आईचं तर याहून वाईट. वडिलांना निदान विचारल्यासारखं करतात, आईच्या प्रश्नांना उत्तरं वडील देतात किंवा मुलगा देतो. डॉक्टर विचारतात, काय होतंय, आणि शेजारून कुणीतरी सांगतं, काही नाही हो, जरा दम लागतो. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत हृदयाचं दुखणं नेहमीच्या कळेऐवजी दम, थकवा, मळमळ अशा रूपात येऊ शकतं. म्हणून तिचं बोलणं तिच्याच तोंडून ऐकलं जाणं हे तपासणीचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे, आणि तोच मला खरा कठीण वाटतो. विचारलं तर आईवडील नाही म्हणतील. माझ्यासाठी एवढा खर्च नको, माझं झालंय आता, नातवंडांच्या शिक्षणाला ठेवा. म्हणून मुलं विचारतच नाहीत. ही माया मी समजू शकतो, कारण तो नकार आजाराबद्दल नसतो, तो आपण ओझं होऊ या भीतीचा असतो. पण ती भीती लपवाछपवीने जात नाही, हिशेब समोर मांडल्याने जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेल्याला २९,६०० रुपये. त्याआधी लेपवाल्या स्टेंटची छापील किंमत लाखाच्या घरात असे. नंतर मर्यादेचे आकडे बदलत गेले, तरी ते दिवस पुन्हा आले नाहीत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आता त्यात आहे आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ही योजना ठरली आहे. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला घेऊन चार दिवस आधी ही चौकशी करणं हे मुलांचं काम. मग वडिलांसमोर बसून सांगायचं की एवढा खर्च, एवढा योजनेतून, एवढा आपल्या खिशातून, आणि आम्हाला तो झेपतो. खर्च खरंच झेपत नसेल तर तेही सांगावं. कर्ज काढून उपचार झाल्याचं नंतर कळलेल्या वडिलांना त्या स्टेंटचा आनंद होत नाही, मी तर म्हणेन त्यांच्या मनावर दुसराच अडथळा बसतो.

लपवण्याचा सगळ्यात मोठा धोका तर घरी गेल्यावर सुरू होतो. स्टेंट बसवल्यावर त्यावर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर अशा दोन गोळ्या साधारण सहा महिने, झटका येऊन गेला असेल तर बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात. मध्येच मनाने बंद केल्या तर स्टेंट गुठळीने बंद होऊन मोठा झटका येऊ शकतो. ज्याला 'साधी तपासणी केली, सगळं ठीक आहे' एवढंच सांगितलं आहे, तो माणूस हिरड्यांतून रक्त आलं की गोळी बंद करतो, दात काढायला जाताना दंतवैद्याला काही सांगत नाही, गावी गेल्यावर पाकीट संपलं तर आठवडाभर तसाच राहतो. त्याने निष्काळजीपणा केला असं म्हणता येणार नाही, कारण त्याला काळजी घेण्याचं कारणच कुणी दिलेलं नव्हतं.

मग दाराबाहेर बसणाऱ्याने करायचं काय? बसणं कमी महत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यात चटया टाकून पडलेली, डब्याची वाट पाहणारी, हाक ऐकू येणार नाही म्हणून चहालाही न जाणारी माणसं पाहिली की कळतं, त्यांचं तिथे असणं आतल्या माणसाला किती लागतं. दादरला गाडगेबाबांच्या नावाने धर्मशाळा उभी आहे, ती रुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेल्यांचीही गरज ओळखूनच. पण थांबण्याला काही अर्थ यायचा तर आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक बोलणं झालेलं हवं. आई, उद्या तपासणीत अडथळा निघाला आणि तातडीचं नसलं, तर तिथल्या तिथे स्टेंट घालायचा का, की बाहेर येऊन आपण बोलायचं? बायपास सांगितली तर तुला काय वाटतं? डॉक्टरांना तू काय विचारणार आहेस? उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत आणि तपासणीची व उपचाराची संमतीपत्रं वेगवेगळी मागावीत. इंग्रजीत असतील तर वाचून अर्थ सांगावा. मग दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बाहेरच्याला अंदाज करावा लागत नाही. तो म्हणू शकतो, आईने असं सांगितलंय, आणि तुम्ही तिला आत्ता विचारलंत तरी ती ऐकते आहे.

एक भीती मात्र उरतेच: विचारलं आणि त्यांनी ठामपणे नाही म्हटलं तर? पुढे काही झालं तर मुलांनी ते कसं सोसायचं? इथे आजाराचं नेमकं रूप पाहावं लागतं. वर सांगितलेल्या 'करेज' आणि 'इस्केमिया' चाचण्यांत डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. तसा अडथळा निघाला तर थांबण्यातला धोका खरा आणि मोठा आहे, आणि तिथे मुलांनी हातापाया पडून, वाद घालून, डॉक्टरांना पुन्हा बोलवून, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन वडिलांचं मन वळवण्याचा प्रयत्न करावा, कारण वाद घालणं हेही त्यांना माणूस म्हणून वागवणंच आहे. स्थिर दुखण्यातला नकार तेवढा घातक नसतो. तो आज आला म्हणून कायमचाही नसतो. महिन्याने जिना जड वाटू लागला की तीच आई स्वतःहून विचारते, त्या स्टेंटचं काय म्हणाले होते डॉक्टर? तोवर रोजच्या गोळ्या, साखर आणि रक्तदाब तपासणं, तंबाखू सोडवणं, संध्याकाळी सोबत चालायला जाणं आणि ती कुठे थांबते ते पाहून डॉक्टरांना सांगणं, हा सगळा उपचारच आहे, आणि त्याला रोज घरातलं माणूस लागतं.